‘येतो’ म्हणून बसून राहणाऱ्या ब्राउझरचा पाहुणचार

मराठी घरातून निघताना पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण ही आपली रीत सातासमुद्रापलीकडे ब्राउझर बनविणाऱ्यांनी इतकी मनावर घेतली असेल, असे मला मे महिन्याच्या २० तारखेच्या रात्रीपर्यंत वाटले नव्हते. उजव्या कोपऱ्यातील फुली दाबली की खिडकी मिटते आणि पाहुणा गेला असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो ओसरीवरून उठून माजघरात जाऊन बसलेला असतो. ज्यांना असा पाहुणा आवडतो आणि ज्यांच्याजवळ बॅटरी, मेमरी व सहनशक्ती ओसंडून वाहत आहे, त्यांच्यासाठी स्वानुभवावर आधारलेल्या काही सूचना येथे देत आहे. माझ्या लॅपटॉपवर कोणता ब्राउझर आहे, हे विचारू नये. पाहुण्याची नावानिशी बदनामी करणे आमच्या अमळनेरला शोभत नाही.

पहिली सूचना अशी की, पडद्याच्या खालच्या पट्टीत घड्याळाजवळ जो वर तोंड केलेला लहानसा बाण असतो, त्यावर कधीही टिचकी मारू नये. तेथे पाहुण्याचे चिन्ह निवांत बसलेले आढळण्याचा संभव असतो, आणि त्यावर माउसचे उजवे बटण दाबल्यास ‘बाहेर पडा’ असा पर्यायही दिसतो. दारी आलेल्याला असे बाहेर काढणे बरे दिसत नाही.

कोणत्याही संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले की न वाचता ‘परवानगी द्या’ हेच बटण दाबावे.

एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मात्र भरपूर घ्यावीत. बंद ब्राउझर जागा राहतो तो बहुधा यांच्याच जोरावर, कारण पार्श्वभूमीत चालण्याची परवानगी घेतलेले एखादे एक्स्टेन्शन बसलेले असले की खिडकी मिटल्यावरही त्याची देखभाल करण्याची सबब ब्राउझरला मिळते. कूपन शोधणारे एक, पडद्याचे चित्र टिपणारे एक आणि कशासाठी घेतले होते ते आता आठवत नाही असे एक, एवढी तरी हवीतच.

टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखविणारी यादी, उघडू नये. ही सूचना मी स्वतः पाळली नाही आणि त्याचे फळ भोगले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मी दोन-चार कापूस व्यापाऱ्यांची हिशेबाची कामे पाहतो. एका व्यापाऱ्याचे एप्रिलचे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे विवरणपत्र, भरायचे राहिले होते आणि शेवटची तारीख २०. त्या रात्रीविषयी जाणत्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. नऊच्या सुमारास वीज गेली. घरातला इन्व्हर्टर पंख्यापुरताच आहे, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ पर्यंत चढत असल्यामुळे भिंती रात्रीही तव्यासारख्या तापलेल्या असतात. त्यामुळे आम्ही सगळे घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, खाटा टाकून होतो. मी खाटेवर परात उपडी घातली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि वीज येईपर्यंत बॅटरी पुरावी म्हणून साडेनऊला ब्राउझर बंद केला. बॅटरी ४८ टक्के होती. एक्सेलमध्ये खरेदीच्या बिलांचा तक्ता तेवढा उघडा होता, आणि तक्त्याला असे कितीसे लागणार? तरीही लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा घरघरत राहिला. शेजारच्या खाटेवरून आईने विचारले, “हाई काय घुरघुरी ऱ्हायनं रे?” तिला ‘बंद केलेला ब्राउझर’ असे उत्तर देण्याइतकी समज तोवर मलाही आली नव्हती. साडेदहाला बॅटरी ९ टक्क्यांवर आली आणि परात हाताला चटका देऊ लागली, तेव्हा मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. तासाभरापूर्वी बंद केलेल्या ब्राउझरचे नाव त्या यादीत अकरा वेळा होते! प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रक्रिया चालविण्याची पद्धत क्रोमने २००८ साली आणली, ती चांगल्या हेतूने आणली. एक टॅब कोलमडला तर बाकीचे वाचावेत, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला आजही पटतो. परंतु वाचविण्यासारखा एकही टॅब उघडा नसताना हे अकरा जण माझ्या चार जीबीच्या मेमरीत कोणाला वाचवीत होते? व्यापाऱ्याचा फोन आला, “भाऊ, व्हई गयं का काम?” मी म्हणालो, “व्हई ऱ्हायनं, अप्पा.” तेवढ्यात बॅटरी ८ टक्क्यांवर आली होती.

सेटिंगमध्ये तर चुकूनही जाऊ नये. क्रोममध्ये सेटिंग उघडून डावीकडच्या यादीत ‘सिस्टिम’ निवडले की, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीतील अॅप चालू ठेवण्याची एक कळ सापडते; ती बंद करणारा माणूस आतिथ्यशून्य समजावा. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये ‘सिस्टिम आणि परफॉर्मन्स’ या भागात अशा एक नव्हे, दोन कळा आहेत: एक बंद केल्यानंतरही एक्स्टेन्शन चालू ठेवणारी, आणि दुसरी, २०२१ मध्ये आलेली, ‘स्टार्टअप बूस्ट’ नावाची. दुसरीचे म्हणणे असे की, ब्राउझर आधीपासूनच थोडा जागा ठेवला तर आपण उघडायला जाल तेव्हा तो चटकन उघडेल. म्हणजे पाहुण्याला पुन्हा यायला उशीर होऊ नये म्हणून त्याने जाऊच नये. यापैकी एकच कळ बंद करून दुसरी विसरणे ही मधली वाट मी चोखंदळ वाचकांसाठी सुचवितो.

आता ती रात्र पुरी करतो. टास्क मॅनेजरमधून मी त्या अकराही जणांना एकदाचे संपविले, पंखा हळूहळू शांत झाला, आणि उरलेल्या ८ टक्क्यांत विवरणपत्र भरून टाकावे म्हणून ब्राउझर पुन्हा उघडला. उघडताच त्याने वरच्या कोपऱ्यात एक चौकट दाखविली. तिच्यातल्या मजकुराचा आशय असा होता की, मागच्या वेळी ब्राउझर नीट बंद झाला नाही, तर आधीची पाने परत उघडू का? नीट बंद झाला नाही! तासभर मी धाब्यावर तापलेली परात घेऊन बसलो होतो ते कशासाठी? ओटीपी व्यापाऱ्याच्या फोनवर आला, त्याने आकडे सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या आकड्यापाशी पडदा काळा झाला. विवरणपत्र दुसऱ्या दिवशी गेले. विलंब शुल्काचे ५० रुपये मी व्यापाऱ्याला मागितले नाहीत, खिशातून दिले.

येथून पुढे मला उपरोध जमत नाही. ब्राउझर बनविणाऱ्यांनो, तुमच्या सोयी आम्हाला समजतात. बंद असतानाही सूचना याव्यात, चटकन उघडावे, हे कोणाला हवे असेल तर त्याला जरूर द्या. पण फुली दाबताक्षणी समोर येऊन विचारा की, मी मागे थांबू का? सूचना पाठवायच्या असतात तेव्हा तुमची चौकट तत्परतेने पुढे येते. थांबायचे असते तेव्हाच तुमची वाचा का बसते? ती कळ सेटिंगच्या तळघरात पुरून, वर आधीच चालू करून ठेवायची आणि ‘पर्याय दिलेला आहे’ म्हणायचे, याला आमच्याकडे चोरटेपणा म्हणतात. ज्याच्या घरात सोळा जीबी मेमरी आहे आणि वीज कधी जात नाही, त्याला तुमचे बसून राहणे कळतही नसेल. जुना लॅपटॉप उपड्या परातीवर ठेवून काम करणाऱ्याला ते टक्क्याटक्क्याने कळते. ‘नीट बंद झाला नाही’ ही तक्रार माझी आहे, तुमची नाही. ती मला ऐकवू नका.