कोकच्या जागी तपकिरी कोळसा? काका, आधी बुकिंग थांबवा

कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, जिथं जिथं फाउंड्रीवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत तिथं सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत आयात आणि निर्यातीच्या भावाचा दोन रेषांचा आलेख. म्हणणं असं: तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, भारतात बाहेरून मातीमोल भावानं येतो, तोच आपण परदेशात पाचपट भावानं विकतो, मधला मलिदा दलाल खातात, म्हणून वीजबिल वाढतं, वर सरकारनं कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला, आणि क्युपोलावाल्यांनी महागडा हार्ड कोक सोडून हा कोळसा थेट बंदरातून उचलला तर इंधनाचा खर्च निम्म्यावर येईल. शेवटी बुकिंगसाठी मोबाइल नंबर.

माझ्या धाकट्या काकांचा छोटा क्युपोला, म्हणजे खालून वारा फुंकून कोकवर लोखंड वितळवणारी उभी भट्टी, आहे आणि ते बुकिंगचे पैसे भरायला निघाले होते. चाळीस वर्षं ओतकामात घालवलेला माणूस अशा मेसेजला भुलतो, तर नवीन पोरांचं काय होईल?

सगळ्यात घातक मुद्दा आधी. क्युपोलात कोक नुसता जळायला नसतो. तो लोखंड वितळवून 1400 अंशांच्या वर नेतो, डोक्यावर पडलेला पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप आणि चुनखडीचा भार पेलतो, त्या भारातून वारा वर जायला वाट ठेवतो आणि लोखंडाला कार्बनही देतो. हे त्याला जमतं, कारण कोळसा बंद भट्टीत भाजून त्यातलं पाणी आणि वायू आधीच काढलेले असतात. मागं उरतो तो टणक, सच्छिद्र कार्बन.

लिग्नाइट याच्या बरोबर उलटा. तमिळनाडूतल्या नेवेलीच्या लिग्नाइटमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं आणि किलोला उष्णता मिळते ढोबळ 2,500 किलोकॅलरी. वाळला की तो फुटतो, भुगा होतो. वरच्या दारातून टाकलेला हा माल खाली वाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत त्यातलं पाणी आणि ज्वलनशील वायू सुटलेले असतील आणि भुग्यानं वाऱ्याची वाट बुजलेली असेल. लोखंड गार, भट्टी जाम. सुटलेला वायू आणि धूर चार्जिंगच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येणार, त्यात कार्बन मोनॉक्साइड असणार. तो माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो. मेसेज लिहिणाऱ्याला त्याची काही पडलेली नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

गंधकाचं वेगळंच. गुजरात-राजस्थानच्या बऱ्याच लिग्नाइटमध्ये गंधक भरपूर असतो, आणि तो लोखंडात उतरला की एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट लोखंड, करणाऱ्यांचं मॅग्नेशियम खातो. शिवाय लिग्नाइटचा ढीग उघड्यावर पडून राहिला तर आपोआप तापतो, पेटतोसुद्धा. ओलं चिपाड चुलवाणात घालायचं नसतं हे ज्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गुळव्याला कळतं, तिथं निम्मं पाणी असलेला कोळसा क्युपोलात घालायचा सल्ला कसा काय पुढं ढकलला जातो?

आता तो आलेख. आयात-निर्यातीच्या सरकारी आकडेवारीत वजन असतं आणि एकूण किंमत असते. टनाचा भाव हा किमतीला वजनानं भागून काढलेला आकडा. बाजारात कुणी त्या भावानं माल घेतलेला असतोच असं नाही. आणि कस्टमच्या 2702 या शीर्षकाखाली खाणीतून निघालेला ओला लिग्नाइटही येतो आणि वाळवून, दाबून केलेल्या विटाही येतात.

धरा, 50,000 टनांचं एक जहाज टनाला 4,000 रुपयांनी आलं आणि वर्षभरात विटांचा 20 टनांचा एकच कंटेनर टनाला 20,000 रुपयांनी गेला. आलेख सांगेल, निर्यातीचा भाव पाचपट! मधे कुणी काही खाल्लं का? दोन वेगळे माल, दोन वेगळी वजनं, एवढंच. भारतात वर्षाला ढोबळ 4 कोटी टनांवर लिग्नाइट निघतो, साठ्यांपैकी सुमारे 80 टक्के तमिळनाडूत आहे, आणि निघालेला बराचसा माल खाणीशेजारच्या वीजकेंद्रातच जळतो. कारण साधं आहे. नेवेलीहून कोल्हापूर नऊशेएक किलोमीटर. ट्रकभर मालात अर्धं पाणी असेल तर भाडं पाण्याचंच भरायचं. जगभर लिग्नाइट फारसा प्रवास करत नाही तो याच कारणानं. त्यातही इंडोनेशियाचा हलका कोळसा चीन मोठ्या प्रमाणात लिग्नाइट म्हणून नोंदवतो, तर आपल्याकडं तसलाच बराच माल 2701 या दगडी कोळशाच्या शीर्षकाखाली स्टीम कोल (बॉयलरचा कोळसा) म्हणून येतो. तेव्हा देशादेशांचे आलेख शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

वीजबिलाचं म्हणाल तर महानिर्मितीची कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी ही केंद्रं दगडी कोळशावर चालतात. लिग्नाइटच्या आयातीचा तिथं संबंध नाही. हां, एक मान्य करतो. 2022 मध्ये केंद्रानं 10 टक्के आयात कोळसा मिसळायला लावला, त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरातल्या कोळशाचा भाव टनाला 400 डॉलरच्या वर गेला होता, आणि आपल्या बिलातला इंधन समायोजन आकार वाढला. विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसवाल्यांना तो चांगलाच बसला. पण तो कोळसा वेगळा होता आणि 2023 मध्ये भाव निम्म्याच्याही खाली आले.

जीएसटीचीही अर्धीच गोष्ट सांगितलीय. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 5 वरून 18 टक्के झाला, खरं आहे. पण त्याच दिवशी टनामागचा 400 रुपयांचा सेस गेला. टनाला 2,000 रुपयांच्या मालावर आधी 100 अधिक 400 म्हणजे 500 रुपये जायचे, आता 360 जातात. 8,000 रुपयांच्या मालावर मात्र 800 चे 1,440 झाले. म्हणजे मेसेज म्हणतो तसा माल खरंच मातीमोल असेल, तर त्याच्यावरचा कर कमीच झालाय.

अजूनही कुणाला त्या नंबरवर फोन करायचाच असेल, तर एक रुपया देण्याआधी प्रयोगशाळेचा दाखला मागा: ओलावा, राख, वायूंचं प्रमाण, स्थिर कार्बन, गंधक. आणि बिलावर कुठला एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, येणार ते लेखी घ्या. कोकचा आकडा 2704 आहे. 2702 लिहिलेला माल क्युपोलासाठी उतरवून घेऊ नका.