वाराय त्यांची जन्मभाषा नाही

आपल्या भाषेसाठी झटणाऱ्यांबद्दल मला आदर आहेच. पण जी भाषा आपल्याला घरातून मिळालेली नाही तिच्यासाठी आयुष्य घालवणाऱ्या माणसांबद्दल त्याहून जास्त आहे. फिलिपिन्सच्या कवयित्री मर्ली अलुनान त्यांतल्या एक.

जन्म १९४३चा, इलोइलो प्रांतातला. कवितेची सुरुवात इंग्रजीतून. त्यात नवल नाही. अमेरिकनांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तिथल्या शाळा इंग्रजीत चालवायला घेतल्या, आणि १९३७ साली वरून राजधानी मनिलाकडच्या टागालोग भाषेवर बेतलेली राष्ट्रभाषा आली, तीच आजची फिलिपिनो. बाकी बेटाबेटांवरच्या शेकडाभर भाषांचं साहित्य 'प्रादेशिक' ठरलं. मनिलात लिहिलेल्याला मात्र कुणी प्रादेशिक म्हणत नाही. हा शिक्का मला फार खुपतो.

अलुनानबाई लेयते बेटावरच्या टाक्लोबानला, फिलिपिन्स विद्यापीठात शिकवत होत्या. तिथली बोलती भाषा वाराय. लाखो लोकांची, पण विद्यापीठात तिला कोण विचारतो! बाईंनी विचारलं. तुमच्या भाषेत लिहा, म्हणून त्या तरुण लेखकांच्या मागे लागल्या, स्वतःही इंग्रजीबरोबर सेबुआनो आणि वारायमध्ये कविता लिहू लागल्या.

वारायमध्ये कवितेला सिदाय म्हणतात. टाक्लोबानच्या डीवायव्हीएल रेडिओवर श्रोत्यांनी पाठवलेल्या सिदाय वाचल्या जात. कुठलं मासिक नाही, समीक्षक नाही, घराघरांत ऐकली जाणारी कविता. ती एकदा वाचली की संपली. बाईंनी या कविता गोळा केल्या आणि त्यांचं पुस्तक केलं. स्वतः नावाजलेली कवयित्री असताना रेडिओला कविता पाठवणाऱ्या माणसांना कवी मानायला मन मोठं लागतं. त्यांच्या सगळ्या कामात मला हेच सर्वात मोलाचं वाटतं.

पुढे लेयतेच्या लोककथा आल्या, २०१७मध्ये 'तिनालुनाय' हा वाराय लेखनाचा संग्रह आला. मधे २०१३च्या नोव्हेंबरात हैयान वादळाने टाक्लोबान उद्ध्वस्त केलं, हजारो माणसं गेली. त्यानंतरचं लेखनही त्यांनी एकत्र आणलं.

मान्यतेचं म्हणाल तर देशातल्या मानाच्या पालांका पुरस्कारांनी १९९७मध्ये प्रादेशिक भाषांतल्या कथांना दार उघडलं, तेही सेबुआनो, हिलिगायनोन आणि इलोकानोपुरतं. वाराय बाहेरच राहिली.

आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे कायदा झाला: बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती रद्द. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, स्थानिक भाषा मदतीपुरती. पुस्तकं नाहीत, तयार शिक्षक नाहीत, ही त्यामागची मोठी तक्रार. अरे, मग पुस्तकं करा, शिक्षक तयार करा! एका बाईने सहकाऱ्यांना हाताशी धरून जे केलं ते सरकारला जड का जावं?

त्याच महिन्यात आपल्या मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मलाही आनंद झाला. पण मराठी इथे फक्त सोसणारी भाषा नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, गडचिरोलीतल्या गोंडी मुलीला शाळेत पहिल्या दिवशी भेटणारी परकी भाषा मराठीच असते. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. हिंदीच्या सक्तीविरुद्ध आपण जितक्या तावातावाने बोललो, त्याच्या दहावा हिस्साही आवाज या शाळेसाठी उठला नाही. मला हे सहन होत नाही.

धारणी, गडचिरोली, नंदुरबारच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे कितीतरी प्राध्यापक बाहेरून आलेले आहेत, अलुनानबाई टाक्लोबानला आल्या तसेच. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांकडून त्यांच्या आजीच्या गोष्टी, लग्नातली गाणी त्यांच्याच भाषेत लिहून घ्या. विभागाच्या वार्षिकांकात ती पानं पहिली छापा, देवनागरीत, सांगणाऱ्या आजीच्या नावासह. आणि कुणी हे आधीच करत असाल तर इथे जरूर लिहा, मला ते अंक विकत घ्यायचे आहेत.