आधी कामाचं इंग्रजी शिकवा

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्यांत हेल्पडेस्कला, अ‍ॅडमिनला, डिस्पॅचला लागलेली मराठी माध्यमाची मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं! पॅसिव्ह व्हॉइसचे नियम या मुलांना तोंडपाठ आहेत, पण एसी दुरुस्त करून घेतला एवढं मेलमध्ये लिहिताना हात थांबतो.

एकाने लिहिलं, 'आय रिपेअर्ड द एसी.' वरून लगेच विचारणा, तू कशाला हात लावलास? पोराने बिचाऱ्याने टेक्निशियन बोलावून, शेजारी उभं राहून काम करून घेतलं होतं. 'आय गॉट द एसी रिपेअर्ड' लिहिलं असतं तर शाबासकी मिळाली असती. करून घेणं आपल्याला काय नवं आहे? आपण केस कापून घेतो, ब्लाउज शिवून घेतो, गाडी धुऊन घेतो. 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, हे कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण आपल्या 'पर्यंत'ची. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो आणि शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत रिपोर्ट 'बाय फ्रायडे' आणि सुट्टी 'टिल फ्रायडे'. मुलं सर्रास 'आय विल सेंड इट टिल फ्रायडे' लिहितात. तसंच मीटिंग पुढे ढकलली तर 'पुट ऑफ', रद्द केली तर 'कॉल ऑफ'. इथे गडबड झाली की माणसं वाशीहून ठाण्यापर्यंत येऊन रिकाम्या खोलीत बसतात. मीटिंग ठरल्या वेळेच्या आधी घ्यायची असेल तर 'प्रीपोन' मात्र खुशाल वापरा, आपल्याकडे सगळ्यांना कळतं. परदेशातल्या क्लायंटला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा.

स्पोकन इंग्लिशचे क्लास अजून 'माय सेल्फ'पासून सुरू होतात आणि बारा काळांत अडकतात, याचा मला राग येतो. फी भरणारी मुलं शिफ्ट संपवून, ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी सोसून येतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात गाडीची सोय कशी सांगायची, वेळ कशी ठरवायची, काम झालं की नाही हे कसं विचारायचं, ते द्या. 'कॅन यू अरेंज अ कॅब फॉर सेव्हन?' हे वाक्य संध्याकाळी शिकलं की सकाळी फोनवर वापरता येतं. काळ नंतर शिकवता येतील.