आठाने भागू नका

घरी नवीन वायफाय आलंय ना? अभिनंदन. आता एवढंच करा, आठाचा पाढा विसरा. आठ एके आठ, आठ दुणे सोळा हे शाळेत घोकलंत ते ठीक, पण जाणत्या वयात त्याचा वापर केला की झोप उडते. शंभर एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटांचा, प्लॅन घेतलेला माणूस सुखी असतो. त्यानं एकदा आठाने भागलं की हातात साडेबारा उरतात, आणि साडेबारासाठी दरमहा एवढं बिल भरवत नाही.

मी भागून बसलो. एक मोठी फाईल उतरवत होतो, खिडकीत आकडा सेकंदाला ११.६ एमबी. शंभरातून अकरा म्हणजे सरळ लूट, असं समजून कनेक्शनवाल्याला फोन केला. मुलगा आला, राउटरला जवळजवळ मिठी मारून उभा राहिला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली आणि काटा ९८ वर गेल्यावर फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा सर, फुल येतंय." मी लॅपटॉप दाखवला. तो म्हणाला, "तो लॅपटॉपचा प्रॉब्लेम." आता गंमत अशी, की आकडा त्याचाही खरा होता आणि माझाही. त्याचे ९८ बिटांचे, माझे अकरा बाइटांचे. आठ बिटांचा एक बाइट. ९८ ला आठाने भागलं की सव्वाबारा येतात, त्यातून, माहिती ज्या छोट्या पाकिटांतून जाते त्यांवरच्या पत्त्यांचा वगैरे खर्च वजा केला की उरतात ते अकरा-साडेअकरा. हे त्याला सांगायला गेलो तर "सर, चहा नको" म्हणत तो जिना उतरला.

फरक इंग्रजीत निदान दिसतो तरी. बिटचा बी बारका, बाइटचा बी मोठा. आपल्या देवनागरीला बारकं-मोठं अक्षर माहीतच नाही, 'एमबी' लिहिलं की दोन्ही एकच. त्यामुळे मराठी माणसाला या बाबतीत फसण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. तो सोडू नका.

कुणी म्हणेल, कंपन्या मुद्दाम बिटांत सांगतात. छे! तारेतून एकामागून एक बिटच जातो, म्हणून तारवाले पहिल्यापासून बिट मोजत आले. शिवाय जुन्या काळी बाइट सगळीकडे आठाचा नव्हताही, कुठे सहाचा, कुठे नऊचा. कारण अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्या शास्त्रामुळे जाहिरातीतला आकडा आठपट दिसतो हा निव्वळ योगायोग. मोबाईलच्या प्लॅनमध्ये बघा ना, नळाचा वेग चमच्यात सांगतात आणि टाकी बादलीत. रोजचे २ जीबी मिळतात, वेग १०० एमबीपीएस. पूर्ण वेगानं उतरवलंत तर दिवसाचा कोटा दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतो. दादरला विरार फास्टची वाट बघता बघता. म्हणून नेट संथ चालतंय याबद्दल आभार माना.

फ्लॅट बघायला गेलेल्या मुंबईकराला हे नवीन नसावं. सुपर बिल्ट-अपमध्ये आपण जिना, लॉबी आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा विकत घेतली. मग २०१६ चा रेरा कायदा आला आणि बिल्डरला कार्पेट, म्हणजे घराच्या आतली खरी वापरायची जागा, सांगावा लागला. नेटचा कार्पेट अजून आपला आपणच मोजायचा असतो.

आता साठवणीकडे या. तिथे आठाने भागायचं नसतं, तिथे १०२४ चा घोळ आहे: किलो म्हणजे कुणी हजार धरतो, कुणी १०२४. आमच्या गिरगावातल्या नानांनी लॅमिंग्टन रोडवरून एक टीबीची (टेराबाइट, म्हणजे हजार जीबी) हार्ड डिस्क आणली, घरी जोडली, तर कॉम्प्युटर म्हणतो ९३१ जीबी. नाना पिशवी घेऊन तडक दुकानात. "माझे एकोणसत्तर कुठे गेले?" दुकानदारानं शांतपणे विचारलं, "काका, सोनं तोळ्यावर घेता ना? तोळा केवढ्याचा?" नाना म्हणाले, "दहा ग्रॅम." "आणि खरा?" नाना गप्प. खरा ११.६६.

तोळा आखडला तसाच टीबी. डिस्क बनवणारा एक लाख कोटी बाइट देतो, चोख देतो. विंडोज त्याला तीनदा १०२४ ने भागतं आणि तरी पुढे 'जीबी'च लिहितं. किलोला हा फरक जेमतेम अडीच टक्के, टेराला जवळपास दहा, म्हणजे जेवढी मोठी खरेदी तेवढा मोठा खड्डा. अ‍ॅपलनं २००९ मध्ये हजारानं मोजायला सुरुवात केली, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली की नानांचे एकोणसत्तर परत येतात. (जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी तर एकदा १०२४ ने आणि एकदा हजारानं मोजलेली होती. दोन्ही पक्ष खूश.) भांडण मिटावं म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय समितीनं १०२४ वाल्यांना वेगळी नावं दिली: किबी, मेबी, गिबी. लॅमिंग्टन रोडवर जाऊन "पाचशे गिबीबाइटची दाखवा" म्हणून बघा. आधी पाणी देतील.

तर नाना. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग २२० जीबी. पुण्याच्या जावयाला पाठवायचं होतं. नानांचा हिशोब: २,२०,००० भागिले १००, म्हणजे २,२०० सेकंद, पाऊण तास धरा. दुपारी बारा वाजता पाठवायला लावलं आणि जेवायला बसले. मी आठाने गुणून सांगितलं, नाना, नेटनं एकदाही दम खाल्ला नाही तरी पाच तास. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, वायर उपटली. डिस्क लाडवाच्या डब्यात ठेवली आणि संध्याकाळी सीएसएमटीहून ५.१० ची डेक्कन क्वीन पकडली.

सव्वातीन तासांत पुणे. मी नंतर मोजलं: नानांचा वेग १५० एमबीपीएस भरला, लाडू वेगळे.