पुलाखालच्या चिपळूणचंही बघा

मुंबई-गोवा महामार्गावरच्या बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल झाला की चिपळूणची कोंडी सुटेल, असं तुमच्या लेखात म्हटलंय. वरून थेट गोव्याला जाणाऱ्यांची सुटेल, पण खालच्यांचं काय? ऑक्टोबर 2023 मध्ये या पुलाचे गर्डर (आडव्या तुळया) कोसळल्यापासून सगळे मजबुतीबद्दल बोलतात, आणि ते हवंच. पण सर्व्हिस रोड, गटारं, रस्ता ओलांडायची जागा? खेर्डीकडून येणारी बाई भर पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पोराचं मनगट धरून कंटेनरच्या गाड्यांमधून वाट काढते. तिच्यासाठी आराखड्यात काय आहे ते छापा. शिवाय जुलै 2021 चा पूर बघितलेल्या गावात भराव टाकून वाशिष्ठी नदीचं पाणी अडवू नका, पूल खांबांवरच घ्या. गटारांचा उतारही काँक्रीट पडायच्या आधीच तपासा, नंतर कोणी फोडून देत नाही.