उद्या शाळा उघडतेय, आधी नावं विचारूया

उद्या शाळा उघडतेय. शिक्षिका म्हणून माझं हे तेविसावं वर्ष, तरी आदल्या रात्री झोप येत नाही. म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

आज दिवसभर स्टाफ मीटिंग होती. प्रार्थना झाली, शुभवर्तमानातला एक उतारा वाचून झाला, आणि मग टाइमटेबल, युनिफॉर्म, मोबाइलबंदी, उशिरा येणाऱ्यांची नोंद, मागच्या वर्षीचा निकाल, यंदा निकाल किती वर न्यायचा. साडेतीन तास. एवढ्या वेळात एकाच मुलाचं नाव निघालं, तेही ‘त्याच्यावर नजर ठेवा’ एवढ्यापुरतं. मीही तिथेच बसले होते आणि मीही काही बोलले नाही. ते मनाला लागून राहिलंय.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. कॅथलिक माध्यमिक शाळेचा पहिला आठवडा नियम वाचून दाखवण्यात जाऊ नये. तो मुलांची ओळख करून घेण्यात जावा. आणि ज्या मुलाला स्वतःची ओळख द्यायचीच लाज वाटते, त्याच्यापासून सुरुवात व्हावी. आपल्या शाळांच्या जन्माची गोष्ट हीच आहे, आणि आपण ती पोस्टरवर लावून विसरून गेलोय.

गरीब मुलांसाठी आयुष्य वेचणारे आणि सेल्सियन संघ स्थापन करणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को, त्यांची गोष्ट आमच्याकडे दर वर्षी सांगितली जाते, पण घाईघाईत. ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरिन शहर. त्याच वर्षी धर्मगुरू झालेले बॉस्को चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे तयारीच्या खोलीत, मिस्सेसाठी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी) वस्त्रं चढवत होते. एक मुलगा कोपऱ्यात उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्सेत सेवा करायला सांगितलं. मुलगा म्हणाला, मला येत नाही. येत नाही तर इथे आलास कशाला, म्हणत सेवकाने त्याला मारून हाकललं. बॉस्को सेवकाला म्हणाले, तो माझा मित्र आहे, परत बोलवा. मिस्सा झाल्यावर मुलाला जवळ बसवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: तुझं नाव काय?

बार्थोलोम्यू गरेली. राहणारा आस्तीचा. वय सोळा. वडील नाहीत, आईही नाही. लिहिता-वाचता येत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गाला का जात नाहीस, असं विचारल्यावर तो जे बोलला ते मला दर वर्षी नव्याने ऐकू येतं. त्याच्याहून लहान मुलांना सगळं येतं, आणि एवढा मोठा होऊन त्याला काहीच येत नाही, म्हणून त्याला लाज वाटते. बॉस्कोंच्या सेल्सियन संघाच्या परंपरेत पुढे असंही सांगतात, की गाता येतं का विचारलं तर तो नाही म्हणाला, शीळ वाजवता येते का विचारलं तेव्हा मात्र हसला.

माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हा मुलगा ओळखीचा वाटेल. प्राथमिकमधली मुलं रडतात, आईचा पदर सोडत नाहीत, त्यांची भीती दिसते. बारा-तेरा वर्षांचं मूल भीती दाखवत नाही. ते वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतं, दप्तर मांडीवरून खाली ठेवत नाही आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतं. आपण रजिस्टरमध्ये लिहितो, ‘प्रतिसाद देत नाही.’ त्याला काय येतं हे कुणी विचारलेलंच नसतं.

आता माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, शाळा दुसरी. पहिल्या दिवशी मी पहिली जवळजवळ पूर्ण तासिका नियम वाचण्यात घालवली आणि शेवटच्या पाच मिनिटांत हजेरी घेतली. एका नावाला उत्तर आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. मग मागून अगदी हळू ‘हजर’ आलं. मी म्हटलं, पहिल्या हाकेला ऐकू येत नाही का? वर्ग हसला. त्यानंतर सात-आठ महिने तो मुलगा त्या नावाला ‘हजर’ म्हणत राहिला. वर्ष संपायला आलं तेव्हा त्याची आजी भेटायला आली आणि तिने त्याला हाक मारली. ते नाव वेगळं होतं. प्रवेशाच्या अर्जावरून रजिस्टरमध्ये उतरवताना कुणाकडून तरी एक अक्षर गळलं होतं, आणि उरलं होतं ते दुसरंच नाव. मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘मिस, पहिल्या दिवशी सांगणार होतो.’

एवढंच बोलला तो. मी रजिस्टर दुरुस्त केलं, त्याची माफी मागितली, त्याने मान हलवली. पण ते वर्ष मी त्याला परत देऊ शकले नाही.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पवित्र आत्म्याची मिस्सा असते. बऱ्याच कॅथलिक शाळांत असते. येशूसंघीयांनी (जेसुइट धर्मगुरूंनी) १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे शाळा सुरू केली, आणि वर्षारंभीच्या या मिस्सेची परंपरा तिथवर मागे नेऊन सांगतात. फादर लाल वस्त्रं घालतात, पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, अग्निज्वालांचा तो रंग. मला ही मिस्सा मनापासून आवडते. अभ्यासाला बसण्याआधी ‘आम्हाला शहाणपण दे’ असं अख्ख्या शाळेने एकत्र मागावं, शिक्षकांनीही मागावं, यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही.

पण त्या तासाभरात माझी नजर वेदीपेक्षा नव्या मुलांकडे जास्त असते. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, त्यांना माहीत नसतं. शेजारच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत, अर्ध्या सेकंदाने मागे राहून, सगळं करत असतात. यात कॅथलिक नसलेली मुलं असतात, आणि घरी कधीच प्रार्थना न होणारी कॅथलिक मुलंही असतात. मी एकदा पाहिलं, कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत एक मुलगी ढकलली गेल्यासारखी पुढे आली. फादरांसमोर आल्यावर काय करायचं तिला कळेना. तिचे दोन्ही हात अर्धवट वर आले आणि तसेच हवेत राहिले. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि तिला सावरून घेतलं. पण चूक आमची होती. आदल्या दिवशी पाच मिनिटं काढून कुणी सांगितलं असतं की रांगेत यायलाच हवं असं नाही, बाकावर शांत बसलीस तरी चालेल, तर तिचे हात असे लटकले नसते.

चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेच्या ७४८ व्या कलमात, स्पष्ट आहे की कुणावरही कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कधीच करता येत नाही. शाळेत सक्ती छडीने होत नाही, ती रांगेने होते. सगळे उठले की उठावं लागतं. म्हणून माझा आग्रह आहे की मिस्सेच्या आधी प्रत्येक वर्गात हे सांगितलं जावं: काय होणार आहे, त्याचा अर्थ काय, आणि त्यात तुला कुठवर यायचंय ते तू ठरव. यामुळे आपली श्रद्धा पातळ होत नाही. मोकळेपणाने बसलेलं मूल जास्त लक्षपूर्वक ऐकतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

मीटिंगमध्ये निघालेल्या त्या एका नावाकडे परत येते. ‘नजर ठेवा.’ मागच्या वर्गशिक्षकाने पुढच्याला सांगितलेलं. ही पद्धत फार जुनी आहे. संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी स्थापन केलेल्या शिक्षक-बंधूंच्या संघासाठी तयार झालेल्या शाळेच्या नियमावलीत, जी त्यांच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये छापली गेली, वर्ष संपताना शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणदोषांची यादी करायची असं सांगितलंय, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ती उपयोगी पडेल. शिक्षक मुलाला समग्र ओळखतो हे त्यात गृहीत आहे. मला त्याचा आदर वाटतो. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं ते उगाच नाही.

पण गुण आणि दोष, दोन्ही. आपल्याकडे तोंडी पोचतात ते फक्त दोष. त्यामुळे मुलगा नव्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याची कीर्ती वर्गात बसलेली असते. सुट्टीत त्याचा आवाज फुटलाय, तो चार इंच वाढलाय, कदाचित घरी काही घडलंय, आणि आपण मात्र मागच्या वर्षीच्याच मुलाला हाक मारतोय. यंदा मी ठरवलंय की मागच्या शिक्षकांची टिपणं दोन आठवडे उघडायची नाहीत. अपवाद दोनच: मुलाचं आजारपण, आणि त्याच्या सुरक्षेचा प्रश्न. तेवढं पहिल्याच दिवशी कळायला हवं. बाकीचं थांबू शकतं.

आणि मैदान. पहिल्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत शिक्षक कुठे असतात? स्टाफरूममध्ये. फॉर्म मोजत, पावत्या जुळवत. दोष कुणाला द्यायचा, ऑफिसला कागद त्याच दिवशी हवे असतात. पण १० मे १८८४ रोजी डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या लोकांना एक पत्र लिहिलं, त्याचा सगळा जीव मैदानावरच आहे. पूर्वी मुलं आणि मोठे एकत्र खेळायचे, आता मोठे बाजूला उभे राहून आपापसात बोलतात आणि मुलं कंटाळून कोपऱ्यांत पांगतात, असं त्यांना दिसलं होतं. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते प्रेम मुलांना कळायलाही हवं, हे त्याच पत्रातलं. हे वाक्य आपण सुंदर अक्षरांत भिंतीवर लिहितो आणि मधल्या सुट्टीत दार लोटून घेतो.

नवं मूल एकटं पडलंय हे मैदानावर लगेच कळतं. ते पाण्याच्या नळाशी दोनदा-तीनदा जातं. तहान नसते. नळाशी उभं राहिलं की काहीतरी करतोय असं दिसतं, म्हणून. हे स्टाफरूमच्या खिडकीतून दिसत नाही, त्यासाठी नळाजवळ उभं राहावं लागतं.

आता थोडं कडू लिहिते. फाटकातून आत शिरताना नव्या मुलाला सगळ्यात आधी काय दिसतं? पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि टक्के. मला त्या मुलांचं कौतुक आहे, त्यातली कित्येक माझ्याच हाताखाली शिकली. पण कॅथलिक शाळेचा उंबरठा म्हणजे निकालाचा फलक होऊ नये. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचं घोषणापत्र जाहीर केलं. कॅथलिक शाळांनी कुणाची विशेष काळजी घ्यावी हे त्यात नाव घेऊन सांगितलंय: जे पैशाने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार आणि माया मिळत नाही, आणि ज्यांच्यापाशी ही श्रद्धा नाही. हुशार मुलं या यादीत वेगळी काढलेली नाहीत. १५९७ मध्ये स्पॅनिश धर्मगुरू संत जोसेफ कालासान्झ यांनी रोमच्या त्रास्तेवेरे भागात, संत दोरोथियाच्या चर्चमध्ये फुकट शाळा काढली, तीही रस्त्यावरच्या गरीब पोरांसाठी. तिथून निघून आपण प्रवेशाच्या मुलाखतींपर्यंत येऊन पोचलो.

खर्च असतात, मला कळतं. पगार द्यायचे असतात, छप्पर गळत असतं, सरकारी नियम असतात. सगळ्यांना फुकट शिकवा असं मी म्हणत नाही. पण पहिल्या दिवशी हजेरीपटात कोण नाही, हे एकदा तरी मोठ्याने विचारावं. मागच्या वर्षी होता आणि यंदा आला नाही, तो कुठे गेला? फी थकली म्हणून गेला का? की नापास होईल म्हणून ‘दुसरीकडे बरं पडेल’ असं आपणच पालकांना सुचवलं? मीटिंगमध्ये हा प्रश्न मी उद्याच विचारणार आहे. आज विचारला नाही याची रुखरुख आहे.

पालकांबद्दल एवढंच, की त्याच संहितेचं ७९६ वं कलम शिक्षकांना पालकांचं आपुलकीने ऐकून घ्यायला सांगतं. पहिल्या सभेत आपण त्यांना तासभर सूचना देतो आणि शेवटी ‘काही शंका?’ विचारेपर्यंत घंटा झालेली असते. यंदा माझ्या वर्गाची सभा मी उलटी घेणार आहे. आधी ते बोलतील. मूल घरी कसं आहे, रात्री झोपतं का, कशाला घाबरतं, त्यांना स्वतःला शाळेची कशाची धास्ती वाटते.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे सगळं भाबडं वाटेल. शिस्त पहिल्या आठवड्यात बसली नाही तर वर्षभर बसत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. चाळीस मुलांचा वर्ग हातातून सुटला की काय होतं ते मीही भोगलंय. पण नाव माहीत असलेल्या मुलाला ‘खाली बस’ म्हणणं आणि ‘ए, तू, मागचा’ म्हणणं, यात कोणतं लवकर ऐकलं जातं ते त्यांनाही ठाऊक आहे. नियम मी सांगणारच. तिसऱ्या दिवशी सांगेन, आणि ते कशासाठी आहेत हे मुलांकडूनच काढून घेईन.

रात्रीचे साडेअकरा झालेत. टेबलावर नवी वही आहे. तिच्यात मी एकेचाळीस नावं हाताने लिहून काढली, प्रत्येकापुढे दोन रकाने मोकळे ठेवले. एकात तो किंवा ती आपलं नाव स्वतः लिहील, जसं लिहायला आवडतं तसं. दुसरा रकाना ‘मला हे येतं’ म्हणून. तिथे कुणी शीळ लिहिली तरी चालेल. उद्या हजेरी त्याच वहीतून घेईन, ऑफिसचं रजिस्टर नंतर जुळवू.