खोकून हृदय चालत नसतं, आई

मागच्या मंगळवारी रात्री अडीचला माझी नेहमीची धडधड सुरू झाली. पलंगाच्या काठावर बसून, मनगट धरून, मोबाइलमधल्या सेकंदांकडे बघत ठोके मोजत होतो, तेवढ्यात आई दारात. एका हातात तिखट घोळलेला पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात बाबांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट या हृदयाच्या गोळ्यांची पट्टी. "खोक. जोरानं खोक. थांबू नको बाप्पा!"

नागपुरातल्या मानेवाड्यातल्या तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: रात्री छातीत धडधडलं म्हणजे ४८ तासांत अटॅक, लगेच दर दोन सेकंदांनी जोरात खोकत राहा, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, कोमट पाण्यात चमचाभर तिखट घालून प्या, डाव्या कुशीवर झोपू नका, हृदय दबतं, आणि ईसीजी नॉर्मल आला तर तो गॅस समजा, पुढच्या तपासण्या म्हणजे निव्वळ दुकानदारी. खाली अर्थातच 'दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल'.

४८ तासांचं आधी निपटवू. मला ही धडधड सहा वर्षांपासून आहे. या हिशेबानं मी एव्हाना हजार वेळा मेलो असतो.

आता खोकणं. हा मेसेज नवा नाही, १९९९ पासून ईमेलवर फिरतोय, आता मराठीत आलाय एवढंच. त्यात रतीभर खरं आहे, तेही सांगून टाकतो. अँजिओग्राफीच्या टेबलावर पेशंट असताना हृदयाची लय अचानक बिघडली, तर डॉक्टर कधीकधी 'खोका, खोका' म्हणतात. जोराच्या खोकल्यानं छातीतला दाब वाढतो आणि थोडं रक्त मेंदूकडे ढकललं जातं. १९७६ मध्ये यावर शोधनिबंध आला, त्यातले पेशंट अशा खोकण्यानं अर्ध्या मिनिटाच्या आसपास शुद्धीवर राहिले. अर्धा मिनिट! आणि तेसुद्धा मॉनिटर लावलेला, शॉक देण्याचं यंत्र उशाशी, डॉक्टर समोर उभा. अमेरिकन हार्ट असोसिएशननं स्पष्ट सांगितलंय की घरी एकट्या माणसानं करायचा हा उपाय नाही आणि तो शिकवूही नये. साधं आहे: हृदय खरंच बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, तो खोकणार कसा? आणि जो पलंगावर बसून पाच मिनिटं खोकू शकतोय, त्याचं हृदय चालूच आहे. त्या पाच मिनिटांत १०८ ला फोन झाला असता.

पण खोकल्यानं फार तर घसा बसेल. माझा संताप सॉर्बिट्रेटवर आहे. ही गोळी बाबांच्या डब्यात का आहे? त्यांची अँजिओप्लास्टी झालीय, छाती आवळल्यासारखी वाटली तर घ्यायला त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलीय. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरतं. बीपी उतरलं की शरीर भरपाई म्हणून काय करतं? हृदय आणखी जोरात पळवतं. म्हणजे ज्याची तक्रारच 'हृदय पळतंय' अशी, त्याला हे पळवायचं औषध. वरून मे महिन्यातलं नागपूर, दिवसभर घाम गाळून शरीर कोरडं पडलेलं, बीपी आधीच खाली. अशा माणसानं ही गोळी घेऊन झटक्यात उभं राहून बघावं. बाथरूमच्या दारातच आडवा होईल. पुरुषत्वाची म्हणून मिळणारी निळी गोळी कोणी घेतली असेल आणि वर ही, तर बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं. ती घेणारा आईला काही सांगणार नाही, हेही उघड आहे. दुसऱ्याच्या डब्यातलं औषध म्हणजे शेजारणीकडची वाटीभर साखर नव्हे.

तिखटाचं पाणी: सावजी खाणाऱ्या गावात तिखटानं हृदयविकार टळत असता तर आपल्याकडे एकही हार्टचा दवाखाना चालला नसता. पुढे चला.

डाव्या कुशीचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य. डावीकडे वळलं की हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं आणि ठोके स्पष्ट जाणवतात. मलाही जाणवतात. पण जाणवणं म्हणजे दबणं नाही. उजवीकडे वळा, विषय संपला. मला तर कूलरचाही फरक कळतो. उन्हाळाभर त्याच्या घरघरीत छातीतलं काही ऐकू येत नाही. ऑक्टोबरात कूलर बंद झाला की पहिल्याच शांत रात्री वाटतं, आजार वाढला.

राहिला ईसीजी. साधा ईसीजी दहा सेकंदांच्या आसपास नोंद घेतो. सात तासांच्या झोपेत पंचवीस हजार सेकंद असतात. धडधड रात्री अडीचला आणि ईसीजी सकाळी अकराला काढला, तर त्यात काय दिसणार कपाळ? म्हणून तर २४ तासांचं होल्टर लावतात, म्हणजे दिवसरात्र अंगावर राहून प्रत्येक ठोका नोंदवणारं छोटं यंत्र. माझ्या होल्टरमध्ये निघालं ते एवढंच: मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणका देतो. जाणवतो तो हा दणका. दिवसाला लाखभर ठोके पडतात, त्यात असे काही निरोगी माणसातही सापडतात. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक. मग रात्रीच का? त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. उत्तर नाही म्हणजे गॅस नव्हे, आणि अटॅकही नव्हे.

मेसेजात जे असायला हवं होतं ते नाही. धडधड वाढवणारा रात्री नऊचा चहा नाही. पन्नीत घोटलेला खर्रा नाही, ज्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही ठोके वाढवतात (दोन वर्षांपूर्वी सोडला, अजून पानठेल्यासमोर मान वळते). सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप नाही. शुगरची गोळी घेऊन न जेवता झोपलं तर रात्री साखर उतरते आणि घाम फुटून धडधडतं, ते नाही. घोरता घोरता श्वास अडकणारे नाहीत. आणि मुख्य म्हणजे, धडधडीसोबत चक्कर येऊन पडलं, छातीत दुखलं, दम लागला किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर मेसेज वाचत न बसता तडक दवाखाना गाठा, हे तर अजिबातच नाही.

त्या रात्री धडधड चार मिनिटांत थांबली. नेहमीसारखीच. तिखटाचं पाणी मी मोरीत ओतलं, पट्टी बाबांच्या डब्यात परत ठेवली आणि डब्यावर पेनानं त्यांचं नाव लिहिलं. सकाळी आईनं ग्रुपवर टाकलं, "पोरगा म्हणते खोकू नका, गोळीही घेऊ नका." खाली सतरा जोडलेले हात, आणि एका काकूंचा प्रश्न: "मग तिखट किती चमचे घ्यायचं?"